श्वासाची साक्ष

देहानें टाकून दिलेल्या वस्तूंकडे मनुष्य तुच्छतेनें पाहतो. परंतु वैद्याच्या दृष्टीनें त्यांत त्याज्य असें कांहींच नसतें. मूत्र, पुरीष, स्वेद आणि कफ यांवरून रोगाचा माग काढण्याची रीति आपल्या जुन्या वैद्यकांत होती, व आजच्या प्रयोगशाळाहि तेंच काम अधिक बारकाईनें करीत आहेत. मात्र एक वस्तु अशी आहे कीं, जी आपण अहोरात्रांत सुमारें वीस हजार वेळां टाकतों, आणि तरीहि तिची रीतसर परीक्षा करावी हें शास्त्रज्ञांस फार उशिरां सुचलें. ती वस्तु म्हणजे आपला उच्छ्वास होय.

हा विषय या महिन्यांत घेण्यास एक निमित्त घडलें आहे. मोठ्या शहरांतील डॉक्टर हल्लीं दम्याच्या रुग्णास एका नळींत सावकाश फुंकावयास सांगतात, आणि थोड्याच वेळांत यंत्रावर एक आंकडा उमटतो. या परीक्षेस 'फीनो' असें म्हणतात. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं पत्रें लिहून विचारिलें आहे कीं, ही परीक्षा खरोखर उपयोगाची आहे, कीं पैसे काढण्याची एक नवी युक्ति? एका मातेनें तर असें विचारिलें आहे कीं, मुलगा महिनाभर नीट खेळतो-बागडतो आहे, रात्रीं खोकतहि नाहीं. अशा वेळीं यंत्रानें आंकडा मोठा दाखविला म्हणून औषध चालू ठेवावें, कीं मुलाकडे पाहून बंद करावें? प्रश्न मार्मिक आहे. डोळ्यांस दिसतें तें खरें कीं यंत्र सांगतें तें खरें, असा त्याचा आशय आहे. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं त्या आंकड्याचा अर्थ काय, हें पाहिलें पाहिजे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत श्वासरोगाचे पांच भेद सांगितले आहेत: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. यांपैकीं तमकश्वासाचें वर्णन आजच्या दम्याशीं पुष्कळच जुळतें. रुग्णास निजवत नाहीं, बसलें म्हणजे बरें वाटतें. ढग, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनीं पीडा वाढते. कफ सुटला म्हणजे कांहीं वेळ आराम पडतो. निरीक्षण म्हणून ही गोष्ट वाखाणण्याजोगी आहे, यांत शंका नाहीं. परंतु यावरून आजचें सारें शास्त्र आमच्या पूर्वजांस ठाऊक होतेंच, असा जो निष्कर्ष कांहीं मंडळी काढतात तो मात्र आम्हांस मान्य नाहीं. पूर्वजांनीं जें पाहिलें त्याचा मान ठेवावा. जें पाहणें त्यांस शक्यच नव्हतें तें उगाच त्यांच्या पदरीं बांधूं नये. श्वासनलिकेच्या अस्तरांत काय चाललें आहे हें दाखविणारें साधन त्यांच्यापाशीं नव्हतें.

तें साधन पाश्चात्त्यांपाशींहि एकाएकीं आलें नाहीं. फ्रान्स देशांतील लेनेक या वैद्यानें १८१६ सालीं स्टेथोस्कोप शोधून काढला, तेव्हां छातींतील ध्वनि ऐकतां येऊं लागला. पुढें १८४६ सालीं इंग्लंडांतील जॉन हचिन्सन यानें स्पायरोमीटर तयार केला, तेव्हां फुप्फुसांत हवा किती मावते हें मोजतां येऊं लागलें. पण ऐकणें आणि मोजणें निराळें व पारखणें निराळें. उच्छ्वासांत कोणते पदार्थ आहेत याची पारख १७७७ च्या सुमारास लाव्हाझिएनें आरंभिली खरी. तथापि तिचा खरा विस्तार विसाव्या शतकांत झाला. १९७१ सालीं लायनस पॉलिंग या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं उच्छ्वासांत सुमारें अडीचशें निरनिराळे पदार्थ असल्याचें दाखवून दिलें. ज्यास आपण नुसता वायु म्हणतों, तो एवढा समृद्ध असेल अशी कल्पना तोंवर फार थोड्यांस होती.

आतां दम्याकडे वळूं. दम्यांत दोन गोष्टी एकदम घडत असतात, आणि त्यांतील भेद लक्षांत न घेतल्यामुळें घरोघरीं घोटाळा होतो. पहिली गोष्ट म्हणजे श्वासनलिकेभोंवतीं असलेले स्नायु आवळले जातात. त्यामुळें नलिका अरुंद होते, छातींतून शीळ वाजल्यासारखा आवाज येतो आणि जीव घाबरा होतो. ही गोष्ट दिसते, ऐकूं येते आणि सोसावी लागते. दुसरी गोष्ट म्हणजे त्या नलिकेच्या आंतील अस्तरास दाह झालेला असतो. तें सुजतें, लाल होतें, चिकट स्राव सोडूं लागतें. ही दुसरी गोष्ट डोळ्यांस दिसत नाहीं, आणि बहुधा जाणवतहि नाहीं. ज्या औषधानें पांच-दहा मिनिटांत आराम पडतो, तें साल्ब्युटामॉलसारखें औषध आवळलेले स्नायु सैल करतें. दाहावर त्याचा कांहीं परिणाम होत नाहीं. दाह शमविण्याचें काम रोज नेमानें घ्यावयाच्या, आंत ओढून घेण्याच्या स्टेरॉइड औषधाचें आहे. म्हणूनच दम्याविषयीं जगभरच्या तज्ज्ञांचें जें 'जीना' नांवाचें मंडळ आहे, त्यानें २०१९ सालापासून असें सांगितलें आहे कीं, मोठ्या माणसांनीं व वयांत आलेल्या मुलांनीं केवळ झटकन् आराम देणाऱ्या औषधावर विसंबून राहूं नये.

राखेखालचा निखारा ही आपल्या भाषेंतील जुनी उपमा येथें तंतोतंत लागू पडते. राख थंड लागते म्हणून चूल विझली असें सुज्ञ गृहिणी समजत नाहीं. ती वर हात धरून आंतील ऊब पाहते. श्वासनलिकेच्या बाबतींत अशी ऊब पाहण्याची सोय ज्या पदार्थामुळें झाली, त्याचें नांव नायट्रिक ऑक्साइड.

नत्राचा एक अणु आणि प्राणवायूचा एक अणु मिळून हा वायु होतो. भूल देण्यासाठीं वापरतात तो नायट्रस ऑक्साइड अथवा हास्यवायु निराळा, आणि मोटारींच्या धुरांतून येणारा नायट्रोजन डायऑक्साइडहि निराळा. नामसादृश्यानें वाचकांनीं फसूं नये. हा वायु अनेक वर्षें केवळ एक दूषित वायु म्हणूनच ओळखला जात होता. परंतु मनुष्यदेह तो स्वतःच निर्माण करतो आणि त्याच्याकडून निरोप पोंचविण्याचें काम करून घेतो, असें विसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालें. रक्ताभिसरणांतील त्याच्या या कार्याच्या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघां अमेरिकन शास्त्रज्ञांस १९९८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

मनुष्याच्या उच्छ्वासांत हा वायु असतो, हें स्वीडन देशांतील गुस्ताफसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलें. दोनच वर्षांनीं, १९९३ सालीं, त्याच देशांतील अल्व्हिंग, वाइट्झबर्ग आणि लुंडबर्ग यांनीं असें दाखविलें कीं, दमेकऱ्याच्या उच्छ्वासांत तो निरोगी माणसापेक्षां बराच अधिक असतो. याचें कारण असें. 'इओसिनोफिल' म्हणून ज्या श्वेतपेशी आहेत, त्यांच्या प्राबल्यानें होणाऱ्या दाहांत इंटरल्युकिन-४ व इंटरल्युकिन-१३ या नांवांचे दोन संदेशवाहक पदार्थ स्रवूं लागतात. ते श्वासनलिकेच्या अस्तरावरील पेशींस जणूं आज्ञा देतात, आणि त्या पेशी आर्जिनीन नामक द्रव्यापासून नायट्रिक ऑक्साइड अधिकाधिक बनवूं लागतात. स्टेरॉइड औषध आंत गेलें कीं ही आज्ञा मंदावते आणि वायूचें प्रमाण उतरतें. अर्थात् हा वायु म्हणजे रोग नव्हे. तो रोगाच्या एका विशिष्ट प्रकारचा धूर आहे. धुरावरून अग्नीचें अनुमान करावें हा तर आपल्या न्यायशास्त्रांतील पहिला पाठ. पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथें वह्नि आहे, असें आम्हीं शिष्यांस वर्षानुवर्षें शिकविलें. तेंच अनुमान येथें उपयोगास येतें. त्यांतील खांचाखोंचाहि तितक्याच आहेत, हें पुढें दिसेल.

परीक्षेची रीति सोपी दिसते, पण तिच्यांत मोठी दक्षता आहे. रुग्णानें प्रथम यंत्राच्या नळींतून शुद्ध केलेली हवा छाती भरून ओढून घ्यावयाची, आणि मग ती सेकंदास पन्नास मिलिलिटर या ठराविक वेगानें सोडावयाची. प्रौढानें सुमारें दहा सेकंद फुंकावें, म्हणजे एकंदर अर्धा लिटर हवा बाहेर पडते. लहान मुलास त्याहून कमी वेळ चालतो. वेग ठरलेला कां? तर हा वायु श्वासनलिकेच्या भिंतींतून झिरपून हवेंत मिसळत असतो. खारवट जमिनीवरून पाटाचें पाणी वेगानें गेलें तर त्याला खारेपणा थोडा लागतो, रेंगाळत गेलें तर अधिक लागतो. तसाच हा प्रकार. एकानें जोरानें व दुसऱ्यानें हळू फुंकलें तर दोघांच्या आंकड्यांची तुलनाच व्हावयाची नाहीं. यासाठीं अमेरिकन व युरोपीय श्वासरोगतज्ज्ञांच्या संस्थांनीं एकत्र बसून २००५ सालीं या परीक्षेचे नियम बांधून दिले. यंत्राच्या एका जुन्या प्रकारांत त्या वायूची ओझोनशीं गांठ घालून उत्पन्न होणारा अत्यंत मंद प्रकाश मोजतात. हातांत मावणाऱ्या नव्या यंत्रांत हें काम विद्युत्-रासायनिक संवेदक करतो. या परीक्षेच्या यंत्रास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २००३ सालीं प्रथम मान्यता दिली; तें यंत्र मात्र जुन्या प्रकारचें होतें.

येथें एक मौजेची गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. हा वायु सर्वांत अधिक जेथें तयार होतो ती जागा फुप्फुसें नव्हेत. नाकाभोंवतालच्या हाडांतील पोकळ्या होत. म्हणून नाकांतील हवा या परीक्षेंत मिसळूं नये यासाठीं फुंकतांना थोडा विरोध ठेवितात, म्हणजे घशाच्या मागील पडदा आपोआप मिटतो. नाक मिटून नव्हे, तर नाकानें गुणगुणत श्वास सोडला, तर त्यांतील नायट्रिक ऑक्साइड सुमारें पंधरा पटींनीं वाढतो, असें वर सांगितलेल्या वाइट्झबर्ग व लुंडबर्ग यांनीं २००२ सालीं दाखवून दिलें. भ्रामरी प्राणायामाचा अभ्यास असलेल्या आमच्या वाचकांस हें वाचून आनंद होईल, आणि तो होणें योग्यच आहे. परंतु गुणगुणल्यानें त्या पोकळ्यांतील हवा खेळती होते एवढेंच यावरून ठरतें. भ्रामरीनें दमा बरा होतो, असें या प्रयोगानें सिद्ध झालें नाहीं. हेतु आणि साध्य यांत जें अंतर असतें तें उडी मारून ओलांडूं नये.

आतां आंकड्यांचा अर्थ. हें प्रमाण 'अब्जांत इतके भाग' असें सांगतात. अमेरिकन संस्थेनें २०११ सालीं ठरविलेल्या मर्यादांप्रमाणें मोठ्या माणसांत पंचविसाच्या खालचा आंकडा कमी व पन्नासाच्या वरचा अधिक समजावा. बारा वर्षांखालील मुलांत विसाच्या खालचा कमी आणि पस्तिसाच्या वरचा अधिक. मधला टप्पा संदिग्ध. तेथें रुग्णाची सर्व हकीकत पाहून निर्णय करावा. पन्नास हा आंकडा म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग! एवढें सूक्ष्म प्रमाण मोजतां येतें, हेंच मानवी बुद्धीचें भूषण नव्हे काय? ब्रिटनमधील तज्ज्ञांनीं २०२४ च्या नोव्हेंबरांत जी नवी मार्गदर्शिका काढली, तींत लक्षणें दम्याचीं असून मोठ्या माणसाचा आंकडा पन्नास किंवा अधिक आला, तर दम्याचें निदान करण्यास हरकत नाहीं असें म्हटलें आहे. पांच ते सोळा वर्षांच्या मुलांसाठीं ती मर्यादा पस्तिसाची आहे. लक्षणें दम्याचीं असून, ही अट वाचकांनीं विसरूं नये. नुसत्या आंकड्यावरून निदान कोणींच सांगितलेलें नाहीं.

आम्ही उभा जन्म मुलांचे पेपर तपासण्यांत घालविला, म्हणून गुणांची किंमत काय आणि मर्यादा काय, हें आम्हांस थोडेंफार कळतें. संस्कृतांत नव्वद गुण पडले म्हणजे मुलगा संस्कृतांत बरा आहे. तो गणितांत कसा आहे, किंवा माणूस म्हणून कसा आहे, याविषयीं ते नव्वद गुण कांहीं बोलत नाहींत. तसेंच हें आहे. ही परीक्षा एका विषयाची, म्हणजे एका प्रकारच्या दाहाची आहे. ती पुढील गोष्टी सांगत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

धूम्रपान करणाऱ्याचा आंकडा कमी येतो. म्हणून बिडी-सिगारेट ओढणाऱ्यानें आंकडा पाहून आपलीं फुप्फुसें निर्मळ असल्याचा आनंद मानूं नये. तो धुरानें साक्षीदाराचें तोंड दाबल्यासारखा प्रकार आहे. चुलीच्या धुरानें अथवा तंबाखूनें होणारा जो दीर्घकालीन श्वासरोग, ज्यास डॉक्टर 'सीओपीडी' म्हणतात, त्यांत बहुधा दुसऱ्या जातीच्या पेशींचें प्राबल्य असल्यामुळें हा आंकडा चढत नाहीं. मात्र त्यांतील कांहीं रुग्णांत इओसिनोफिलांचा दाहहि असतो, आणि अशांस स्टेरॉइडचा अधिक उपयोग होण्याचा संभव असतो. दमेकऱ्यांतहि असे पुष्कळ असतात कीं, ज्यांचा दाह या जातीचा नसतो. त्यांचा आंकडा कमी येऊनहि दमा खराच असतो. उलट नाक वाहणें, शिंका येणें अशी वावड्याची प्रकृति असलेल्या पण दमा नसलेल्या माणसाचा आंकडा थोडा चढलेला सांपडतो. सर्दी-पडशानेंहि तो वाढतो. बीट, पालक यांसारख्या नत्रक्षार असलेल्या भाज्या खाऊन गेल्यासहि वाढतो. परीक्षेच्या आधीं तासभर खाणें-पिणें, व्यायाम व धूम्रपान टाळावें, आणि जोरानें फुंकण्याची स्पायरोमेट्री करावयाची असेल तर ती या परीक्षेनंतर करावी, हे नियम त्यासाठींच आहेत. क्षयाविषयीं तर ही परीक्षा कांहींच सांगत नाहीं. आपल्या देशांत दोन आठवड्यांहून अधिक खोकला टिकला तर थुंकीची तपासणी प्रथम करावी. ती सरकारी दवाखान्यांत विनामूल्य होते.

इतक्या मर्यादा आहेत तर मग ही परीक्षा हवीच कशाला, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर आम्हांस त्या मातेच्या प्रश्नांतच सांपडतें. मूल खेळतें आहे, खोकत नाहीं; परंतु आंकडा मोठा आहे. याचा अर्थ इतकाच कीं, राख थंड आहे, पण निखारा विझलेला नाहीं. औषध बंद केल्यावर पहिले काहीं दिवस मूल सुखरूप दिसतें, आणि त्यामुळेंच आईबापांची खात्री होते कीं आपला निर्णय बरोबर होता. पुढें हवा पालटते, घरांत रंगकाम निघतें, दिवाळीचे फटाके वाजतात, किंवा साधी सर्दी होते, आणि एका रात्रींत दवाखाना गांठावा लागतो. तेव्हां दोष फटाक्यांस किंवा थंडीस दिला जातो. निखाऱ्याची आठवण कोणास होत नाहीं. अशा वेळीं आधींच दिसलेला आंकडा हा एक इशारा असतो. म्हणून त्या मातेस आमचें सांगणें असें कीं, मुलाकडे अवश्य पाहावें, पण औषध आपल्या मनानें बंद करूं नये. आंकडा घेऊन डॉक्टरांकडे जावें. औषध ओढण्याची रीत मुलास नीट साधली आहे कीं नाहीं हें त्यांच्यासमोर करून दाखवावें. आणि मात्रा कमी करावयाची ती त्यांच्या सल्ल्यानें, पायरी-पायरीनें करावी.

या परीक्षेचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो जरा नाजूक आहे. औषध नेमानें घेतल्यास आंकडा एक-दोन आठवड्यांत उतरूं लागतो. उत्तर आयर्लंडांतील बेलफास्टच्या वैद्यांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, बिकट दम्याच्या रुग्णांस आठवडाभर देखरेखीखालीं औषध दिलें असतां कांहींचा आंकडा झपाट्यानें उतरला, आणि त्यावरून ते रुग्ण एरवीं औषध घेतच नव्हते हें उघड झालें. म्हणजे ज्यांचा दमा औषधास दाद देत नाहीं म्हणून अधिक महाग औषधें योजण्याची वेळ आली असती, त्यांना मुळांत पहिलेंच औषध पोटांत, नव्हे फुप्फुसांत, जात नव्हतें. ही माहिती मोलाची आहे. परंतु घरांत तिचा उपयोग कसा करावा? मुलाची लबाडी पकडली, अशा आविर्भावानें करूं नये, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. ज्या मुलास गुणपत्रिका घेऊन घरीं जाण्याची भीति वाटते तें मूल अभ्यास वाढवीत नाहीं, गुणपत्रिका लपविण्याची कला वाढवितें. औषध कां घेतलें नाहीं, हें त्यास शांतपणें विचारावें. शाळेंत चारचौघांसमोर पंप काढण्याची लाज वाटते, घशास खवखवतें, किंवा आजीनें सांगितलें कीं याची संवय लागते. कारण यांपैकींच कांहींतरी निघतें, आणि त्यावर उपायहि निघतो.

शास्त्रानें या परीक्षेची बाजू कितपत उचलून धरली आहे, हेंहि प्रांजलपणें सांगितलें पाहिजे. २०१६ सालीं कॉक्रेन या संस्थेनें अनेक प्रयोगांचा एकत्र विचार करून असें प्रसिद्ध केलें कीं, या आंकड्याच्या अनुरोधानें औषधाची मात्रा ठरविल्यास दम्याचे झटके मोठ्यांत व मुलांत कमी होतात; रोजच्या लक्षणांत मात्र विशेष फरक पडत नाहीं. पुढें ब्रिटनमधील पांचशेंहून अधिक मुलांवर केलेला एक प्रयोग २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत लक्षणांवरून औषध ठरविलेल्या मुलांत आणि लक्षणांबरोबर हा आंकडाहि पाहिलेल्या मुलांत झटक्यांचा कांहीं लक्षणीय फरक आढळला नाहीं. यावरून आम्ही असें समजतों कीं, प्रत्येक दमेकऱ्यानें दर महिन्यास यंत्रांत फुंकलेंच पाहिजे असें नाहीं. निदानाविषयीं संशय असेल, औषध चालत नाहींसें वाटत असेल, मात्रा वाढवावी कीं कमी करावी असा पेंच असेल, अथवा फार महागडें नवें औषध योजावयाचें असेल, तेव्हां ही परीक्षा आपली किंमत वसूल करून देते. इतर वेळीं जाणत्या डॉक्टरांचे चार प्रश्न पुरेसे होतात.

उच्छ्वास थंड नळींतून नेऊन त्याचे थेंब जमवावे व त्यांतील आम्लता किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड मोजावा, अथवा 'विद्युत्-नासिके'नें शेंकडों गंधद्रव्यांचा नकाशा काढावा, असेहि प्रयत्न चालू आहेत. ते अद्याप प्रयोगशाळेंतच आहेत. त्यांच्या नांवावर कोणी खात्रीचें निदान विकूं लागला, तर वाचकांनीं हात आंखडता घ्यावा.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला, ती सांगतों. जागतिक रोगभाराच्या २०१९ च्या गणनेप्रमाणें आपल्या देशांत सुमारें साडेतीन कोटी दमेकरी आहेत. जगांतील एकंदर दमेकऱ्यांच्या मानानें हें प्रमाण सुमारें तेरा टक्के भरतें. परंतु दम्यानें होणाऱ्या जगांतील मृत्यूंपैकीं चाळीस टक्क्यांहून अधिक मृत्यु एकट्या आपल्या देशांत होतात. या दोन आंकड्यांमधील अंतर वाचकांनीं क्षणभर डोळ्यांसमोर आणावें. दमा येथें अधिक क्रूर आहे असें नाहीं. येथें निदान उशिरां होतें आणि दाह शमविणारें औषध फार थोड्यांच्या हातीं पडतें, किंवा हातीं पडूनहि टिकत नाहीं. यांत दारिद्र्याचा वांटा मोठा आहे, हें खरें. परंतु ज्या घरांत दारिद्र्य नाहीं, विद्या आहे, आणि मासिकें येतात, तेथें काय स्थिति आहे?

तेथें 'दमा' हा शब्दच उच्चारावयाचा नसतो. मुलास 'ॲलर्जिक खोकला' असतो, 'जरा छाती भरते', 'प्रकृति नाजूक' असते. मुलगी उपवर झाली कीं पंप कपाटाच्या मागच्या खणांत जातो. आमच्या पाहण्यांतील एका सुशिक्षित कुटुंबांत नवी सून सहा महिने सासरीं स्नानगृहाचें दार लावून औषध ओढीत असे; सासूबाईंस कळलें तेव्हां त्यांनीं उसासा टाकून सांगितलें कीं, आपल्यालाहि हाच त्रास आहे, पण इतकीं वर्षें कोणास सांगितलें नाहीं. एकाच छपराखालीं दोघी जणी एकमेकींपासून आपला श्वास लपवीत होत्या! ज्या घरांत वेदवेदांताची चर्चा होते तेथें ही स्थिति असावी, याचें आम्हांस वाईट वाटतें.

पंपाविषयींची भीतीहि अशीच अर्धवट ज्ञानांतून आलेली आहे. आंत ओढून घ्यावयाची मात्रा मायक्रोग्रॅमांत असते. गोळीनें घ्यावयाची मिलिग्रॅमांत, म्हणजे कित्येक पटींनीं अधिक. त्या औषधास अजिबात दोष नाहीं असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. अमेरिकेंत मुलांवर केलेल्या एका दीर्घ अभ्यासाचा निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत लहानपणीं कांहीं वर्षें हें औषध घेतलेल्यांची प्रौढपणची उंची सरासरीनें १.२ सेंटिमीटर कमी भरली. अर्ध्या इंचाहूनहि कमी उंची एका पारड्यांत आणि मोकळा श्वास दुसऱ्या पारड्यांत घातला, तर कोणतें जड आहे, हें आईबापांनींच ठरवावें. औषध ओढल्यावर चूळ भरून टाकावी, म्हणजे घशाचा त्रास टळतो. आणि मात्रा लागेल तितकी अल्पच असावी. ती अल्प कशी करावी, हें ठरविण्यास उच्छ्वासाचा आंकडा मदत करूं शकतो, हाच त्याचा खरा उपकार.

श्वास हा खोटें बोलत नाहीं. मनुष्य वैद्यास सांगतो कीं मी बरा आहें, सासरीं सांगतो कीं मला कांहीं नाहीं, स्वतःसहि तेंच सांगतो. पण टाकलेला श्वास आपल्याबरोबर आंतील बातमी घेऊनच बाहेर पडतो. ती ऐकावयास यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर घरांतील माणसांचे कान आहेतच. रात्रीं कोणी उठून बसतें काय, जिना चढतां चढतां कोणी मध्येंच बोलणें थांबवितें काय, हसतां हसतां कोणास खोकल्याची उबळ येते काय, एवढें पाहावें. आणि दिसलें तर तें नांव घेऊन उच्चारावें. रोगाचें नांव घेतल्यानें रोग वाढत नाहीं, उपाय मात्र सुरू होतो. इत्यलम्.